मेलबर्नच्या वाटेवर सिंगापूर: चांगी विमानतळावरचे दहा तास कसे वापरावेत

मुंबईहून मेलबर्न, सिडनी, पर्थ किंवा ऑकलंडला निघालेल्या मराठी माणसाच्या तिकिटावर मधलं नाव बरेचदा सिंगापूरचं असतं. मुलीच्या बाळंतपणाला निघालेले आईबाबा, नव्या सेमिस्टरसाठी चाललेली मुलं, दिवाळीला घरी येऊन परत जाणारी कुटुंबं, सगळ्यांचा रस्ता तोच. एजंट जरा चाचरत सांगतो, "मधे नऊ-दहा तास आहेत हं," आणि घरात लगेच कमी थांब्याचं, म्हणजे जास्त पैशांचं तिकीट शोधायला सुरुवात होते. माझं मत उलटं आहे. सत्तरीच्या माणसांना दीड तासात एका टर्मिनलहून दुसऱ्याला पळवण्यापेक्षा दहा तासांचा थांबा केव्हाही बरा. फक्त तो आधीपासून ठरवून घेतलेला हवा, गळ्यात पडलेला नको.

हा लेख पहिल्यांदाच असा थांबा घेणाऱ्यांसाठी, आणि भारतीय पासपोर्ट असणाऱ्यांसाठी आहे. उदाहरण चांगीचं घेतलंय, कारण तिथे बाहेर पडणंही सोपं आहे आणि आत राहणंही.

१. थांबा तिकीट काढतानाच निवडा

पहिली गोष्ट, दोन्ही विमानं एकाच तिकिटावर, एकाच पीएनआरवर हवीत. मुंबई-सिंगापूर एका कंपनीचं आणि सिंगापूर-मेलबर्न दुसऱ्या स्वस्त कंपनीचं असं वेगवेगळं काढलंत, तर पहिलं विमान उशिरा पोचल्यावर दुसरं चुकलं ही तुमची जबाबदारी. सामानही बहुतेक वेळा सिंगापूरला स्वतः घेऊन पुन्हा चेक-इन करावं लागतं, आणि त्यासाठी इमिग्रेशन ओलांडावं लागतं. म्हणजे ज्याच्याकडे सिंगापूरमध्ये शिरण्याची कागदपत्रं नाहीत तो तिथेच अडकला. चार-पाच हजार वाचतात म्हणून नवख्या माणसाने या वाटेला जाऊ नये.

दुसरं, तास. ढोबळ हिशेब असा: एकूण थांब्यातून पाच तास वजा करा, उरतील ते शहरातले. उतरून, इमिग्रेशन करून, बाहेर यायला एक तास. शहरात जायला पाऊण तास, परतायला तेवढाच. आणि पुढच्या विमानाच्या अडीच तास आधी पुन्हा विमानतळावर. पाच तासांपेक्षा कमी थांबा असेल तर बाहेरचा विचारच करू नका. साडेपाच ते सात असतील तर विमानतळाची फुकट सहल किंवा शेजारचं ज्युएल हे काचेचं संकुल. आठच्या वर असतील तर शहर. बारा-चौदाच्या वर गेलात तर झोपेची सोय आधी बघा आणि मग बाकीचं.

तिसरं, ते तास दिवसाचे आहेत की रात्रीचे? मुंबईहून रात्री निघणारी विमानं सकाळी सिंगापूरला पोचतात आणि ऑस्ट्रेलियाकडे बरीच विमानं संध्याकाळी-रात्री निघतात. जातानाचा दिवसाचा थांबा म्हणून छान जुळतो. येताना मात्र रात्रीचा थांबा वाट्याला येऊ शकतो. मध्यरात्रीनंतर पहाटे साडेपाचच्या सुमारापर्यंत मेट्रो बंद असते आणि शहरही बऱ्यापैकी झोपलेलं असतं. रात्रीचे दहा तास हे कागदावरच दहा दिसतात.

सिंगापूरचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. तिकिटावरच्या वेळा तिथल्या असतात. हे साधं वाटतं, पण मोबाईल विमान मोडवर असताना मनगटावरचं घड्याळ भारतीय वेळ दाखवत असतं आणि तिथेच घोटाळे होतात.

२. बाहेर पडायला काय लागतं

भारतीय पासपोर्टला सिंगापूरचा व्हिसा लागतो. पण तिसऱ्या देशात जाणाऱ्या किंवा तिथून परतणाऱ्यांसाठी ९६ तासांची बिनव्हिसा ट्रान्झिट सवलत आहे. त्यासाठी ऑस्ट्रेलिया, कॅनडा, जर्मनी, जपान, न्यूझीलंड, स्वित्झर्लंड, ब्रिटन किंवा अमेरिका यांपैकी एका देशाचा व्हिसा किंवा तिथला दीर्घ वास्तव्याचा परवाना लागतो. तो सिंगापूरला उतरताना किमान एक महिना चालू असला पाहिजे. सोबत ९६ तासांच्या आत निघणारं पुढचं पक्कं तिकीट हवं. मेलबर्नला निघालेल्या आईबाबांकडे ऑस्ट्रेलियाचा व्हिसा असतोच, त्यामुळे जाताना प्रश्न सहसा येत नाही.

येतानाचा विचार आधी करून ठेवा. व्हिसा एकदाच प्रवेशाचा असेल आणि वापरून झाला असेल, तरी परतीच्या प्रवासात ही सवलत मिळू शकते. मात्र ज्या देशाने व्हिसा दिला तिथूनच तुम्ही थेट सिंगापूरला यायला हवं, मधे तिसरीकडे थांबून नाही. ही सवलत आहे, हक्क नव्हे; शेवटचा निर्णय काउंटरवरच्या अधिकाऱ्याचा. अटी बदलतात, म्हणून निघायच्या आठवड्यात सिंगापूरच्या इमिग्रेशन खात्याच्या, म्हणजे आयसीएच्या संकेतस्थळावर एकदा डोळ्यांखालून घाला. नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी तीन वर्षांपूर्वीचा अनुभव सांगेल, त्यावर जाऊ नका.

यांपैकी कुठल्याच देशाचा व्हिसा नसेल, समजा बालीला चाललाय, तर सिंगापूरचा व्हिसा अधिकृत एजंटमार्फत आधी काढावा लागतो. त्याची सरकारी फी ३० सिंगापूर डॉलर; एजंटचे वेगळे.

बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला एसजी अरायव्हल कार्ड भरावं लागतं. हे ऑनलाइन असतं, पोचण्याच्या दिवसासह तीन दिवस आधीपासून भरता येतं आणि पूर्ण फुकट आहे. सर्चमध्ये वर दिसणारं एखादं संकेतस्थळ यासाठी पैसे मागतं. ते सरकारी नव्हे. कार्ड भरताना ई-मेल नीट लिहा, कारण पासपोर्टवर आता शिक्का मारत नाहीत, प्रवेशाचा ई-पास मेलवर येतो. आत ट्रान्झिटमध्येच, म्हणजे इमिग्रेशन न ओलांडता, राहणार असाल तर हे कार्ड भरायची गरज नाही.

ऑस्ट्रेलियाचा व्हिसा पासपोर्टवर चिकटवलेला नसतो, तो फक्त मेलवर आलेल्या पत्रात असतो. त्या पत्राची छापील प्रत, पुढच्या विमानाचा बोर्डिंग पास किंवा तिकीट, दोन्ही हातातल्या बॅगेच्या वरच्या कप्प्यात ठेवा. काउंटरवर उभं राहून मोबाईलमध्ये पीडीएफ शोधत बसलं की घाम फुटतो, आणि मागच्या रांगेलाही.

३. मुंबईच्या काउंटरवर एक नजर टॅगवर

सामान देताना कर्मचारी बॅगेला जो लांब पट्टा चिकटवतात, त्यावर मोठ्या अक्षरांत तीन इंग्रजी अक्षरं असतात. मेलबर्नला जाणाऱ्या बॅगेवर मेलबर्नची अक्षरं मोठी आणि सिंगापूरची बारीक, असं दिसलं पाहिजे. फक्त सिंगापूरचीच दिसली, तर तिथेच विचारा, "बॅग पुढे मेलबर्नपर्यंत टॅग केलीय ना?" बॅग बेल्टवर सरकायच्या आत हा प्रश्न झाला पाहिजे. पावतीचा तुकडा बोर्डिंग पासला चिकटवून देतात, तो तसाच राहू द्या. दोन्ही बोर्डिंग पास मुंबईतच मागून घ्या.

यामुळे थांब्यात तुमच्याकडे फक्त केबिन बॅग राहते. तीही सात किलोची पाठीवर घेऊन फिरायचं नसेल तर चांगीवर पैसे भरून सामान ठेवायची जागा आहे.

४. हातातल्या बॅगेत काय हवं, काय नको

एक सुती बदलायचा कपडा, ब्रश-पेस्ट, औषधं प्रिस्क्रिप्शनसह, हलकी छत्री. सिंगापूर विषुववृत्तापासून दीडशे किलोमीटरही नाही. ऊन आणि घाम बारा महिने, पाऊस कधीही. पण विमानात आणि मॉलमध्ये थंडी वाजते, तेव्हा शालही हवी. तिथला प्लग तीन चौकोनी पिनांचा, ब्रिटिश पद्धतीचा असतो. आपला गोल पिनांचा चार्जर बसत नाही. अ‍ॅडॉप्टर घरूनच न्या, विमानतळावर दुकानदार त्याची पुरेपूर किंमत वसूल करतात. पॉवर बँक केबिन बॅगेतच, चेक-इनच्या बॅगेत कधीच नाही.

आता नको ते. तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी घरी ठेवा. चघळायचा तंबाखू आणि गुटखा सिंगापूरमध्ये बंदी असलेल्या वस्तू आहेत, ई-सिगारेटही तशीच. सिगारेटला ड्यूटी-फ्री सूट नाही, एका पाकिटावरही कर आहे. च्युइंगगम आणू नका. आणि खसखस! ताईसाठी नेलेले अनारसे, खसखशीची पुडी, हे हातातल्या बॅगेत घेऊन सिंगापूरच्या कस्टम्समधून जायचं नाही. अफूच्या झाडाचं बी म्हणून तिकडे त्याकडे वेगळ्याच नजरेने बघतात. आखाती देशांत तर याहून कडक.

पैशांचं काम घरीच उरकायचं आहे. भारतीय डेबिट-क्रेडिट कार्ड परदेशात आपोआप चालत नाही. बँकेच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय वापर चालू करावा लागतो आणि टॅप करून पैसे देण्याचा पर्याय वेगळा चालू करावा लागतो. दोन्ही बघा. रोमिंग चालू नसेल तर ओटीपी येणार नाही. वर पन्नास-एक सिंगापूर डॉलर रोख असू द्या, कारण खाण्याच्या साध्या टपऱ्यांवर अजूनही रोख लागते.

५. उतरल्यावरचा पहिला अर्धा तास

धावू नका. आधी स्वच्छतागृह, मग वायफाय जोडा, ते फुकट आहे. मग मोठ्या पडद्यावर पुढच्या विमानाचं टर्मिनल बघून ठेवा. चांगीची १, २ आणि ३ ही टर्मिनलं आतल्या आत स्कायट्रेनने जोडलेली आहेत, ४ मात्र वेगळं पडतं आणि तिथे बसने जावं लागतं. बाटली नळावर भरून घ्या, नळाचं पाणी पिण्याचं असतं.

मग ठरवा: विमान वेळेवर आलंय का, अंगात त्राण आहे का, बाहेर पाऊस किती आहे? रात्रभर डोळा लागला नसेल तर शहराचा हट्ट सोडून दोन तास आडवं होणं जास्त शहाणपणाचं.

साडेपाच तासांहून जास्त आणि २४ तासांहून कमी थांबा असणाऱ्यांना चांगी विमानतळ फुकट सहल घडवतं. साधारण अडीच तासांची, बसने, गाइडसह. नोंदणी ऑनलाइन आधी होते, किंवा टर्मिनल २ आणि ३ च्या ट्रान्झिट भागातल्या काउंटरवर. प्रवेशाची कागदपत्रं यालाही लागतात, आणि इमिग्रेशन सहलीबरोबरच करायचं असतं. स्वतःहून आधी बाहेर पडलात की सहल गेली. पहिल्यांदा जाणाऱ्या ज्येष्ठांना मी हीच सुचवेन: रस्ता शोधायचा नाही, परत वेळेत आणून सोडतात. तरुणांना आणि चालायची आवड असणाऱ्यांना ती फार धावती वाटेल. त्यांच्यासाठी पुढचा भाग.

६. शहरात: दोनच जागा धरा

आठवड्याच्या सिंगापूर टूरवाले जे सात दिवसांत दाखवतात ते पाच तासांत बसवायला गेलात तर फक्त मेट्रोचे सरकते जिने बघून याल. युनिव्हर्सल स्टुडिओ, सेंटोसा, प्राणीसंग्रहालय ही थांब्यातली कामं नव्हेत. मराठी माणसाला भावतील आणि एकमेकांपासून जवळ असतील अशा दोन जागा मी सांगतो: पडांगचं मैदान आणि लिटल इंडिया.

मेट्रोला तिथे एमआरटी म्हणतात. स्थानक टर्मिनल २ आणि ३ च्या तळघरात आहे. तिकीट काढायची गरज नाही, टॅप करायचं कार्ड फाटकावर टेकवायचं, उतरल्यावर पुन्हा टेकवायचं. प्रत्येक माणसाला स्वतंत्र कार्ड लागतं. नवऱ्याच्या कार्डावर बायको आत जाऊ शकत नाही. परदेशी कार्डाला दिवसाला थोडं जादा शुल्क लागतं, तरी टॅक्सीपुढे ते काहीच नाही. गाडीत खायचं-प्यायचं नाही, पाण्याचा घोटसुद्धा नाही. दंड ५०० डॉलरपर्यंत आहे.

विमानतळाहून निघालेली गाडी एक्स्पो घेऊन तनाह मेराहला येते. तिथे गाडी बदलून शहराकडे जाणारी ईस्ट-वेस्ट लाइन धरायची आणि सिटी हॉलला उतरायचं. एकूण चाळीस-पन्नास मिनिटं.

वर आलात की दोन मिनिटांवर मोठं हिरवं मैदान दिसतं, ते पडांग. एका बाजूला खांबांची भव्य इमारत, तिथे २०१५ पासून राष्ट्रीय कलादालन आहे. पूर्वी ती नगरपालिकेची कचेरी होती. ५ जुलै १९४३ ला याच इमारतीसमोर सुभाषबाबूंनी आझाद हिंद सेनेची पाहणी केली आणि ‘चलो दिल्ली’चा नारा दिला. आदल्या दिवशी, कॅथे इमारतीतल्या सभेत, रासबिहारी बोसांनी त्यांच्याकडे चळवळीचं नेतृत्व सोपवलं होतं. आणि दोन वर्षांनी, १२ सप्टेंबर १९४५ ला, जपान्यांची शरणागती माउंटबॅटन यांनी स्वीकारली तीही याच इमारतीत. त्या पायऱ्यांवर पाच मिनिटं बसा.

मग रस्ता ओलांडून समुद्राच्या बाजूला एस्प्लनेड पार्कमध्ये जा. झाडांच्या सावलीत आझाद हिंद सेनेच्या स्मारकाची खूण आहे, शोधल्याशिवाय सापडत नाही. मूळ स्मारक अज्ञात सैनिकाचं होतं. त्याची पायाभरणी सुभाषबाबूंनी जुलै १९४५ मध्ये केली, त्यावर ‘इत्तेफाक, इत्माद, कुर्बानी’ हे शब्द होते. जपान हरल्यावर ब्रिटिश परत आले आणि त्यांनी, पायाभरणीनंतर दोनच महिन्यांत, ते पाडलं. १९९५ मध्ये सिंगापूरच्या वारसा मंडळाने त्या जागी ही खूण उभारली. टूरच्या बसेस इथून शंभर पावलांवरून जातात आणि थांबत नाहीत, याचं मला नेहमी नवल वाटतं.

तिथून पूल ओलांडून दहा मिनिटांत मर्लायन येतो, सिंहाचं तोंड आणि माशाचं धड असलेला ८.६ मीटर उंच पुतळा, तोंडातून पाणी सोडणारा. फोटो काढायचा तर काढा. समोर मरीना बे सँड्स हॉटेलचे तीन मनोरे आणि त्यांवर आडवी गच्ची दिसते, म्हणजे सिंगापूरचं जे चित्र कॅलेंडरवर असतं ते इथे आपोआप होऊन जातं. वर जायचं तिकीट काढण्याइतका वेळ नाही, हे मान्य करा.

भूक लागली की पुन्हा सिटी हॉल. एक स्थानक पुढे धोबी घाट, तिथे गाडी बदलून आणखी एक स्थानक, लिटल इंडिया. स्थानकाबाहेरच टेक्का सेंटर आहे: खाली बाजार, बाजूला खाण्याच्या टपऱ्या. सेरंगून रोडवर चालत गेलात की १९४७ पासून चालू असलेलं कोमला विलास लागेल, शुद्ध शाकाहारी दाक्षिणात्य. डोसा, सांबार, फिल्टर कॉफी. विमानातल्या जेवणानंतर हे खाऊन माणूस ताळ्यावर येतो. वीरमाकालीअम्मनचं देऊळ त्याच रस्त्यावर आहे, पण दुपारी ते बंद असतं, सकाळीच जा.

शाकाहाऱ्यांसाठी थोडं सविस्तर सांगायला हवं. टपऱ्यांच्या हॉकर सेंटरमध्ये भाजीच्या डिशमध्येही कोळंबीची किंवा माशाची पेस्ट असू शकते, नुसतं "नो मीट" म्हणून भागत नाही. चिनी बौद्ध शाकाहारी टपऱ्या मात्र विश्वासाच्या. त्या बरेचदा कांदा-लसूणही वापरत नाहीत, चातुर्मास पाळणाऱ्यांना चालून जाईल. फक्त ताटात कोंबडीसारखं दिसणारं काहीतरी आलं तर दचकू नका, ते सोयाबीनचं किंवा मैद्याच्या सत्त्वाचं असतं. नाश्त्याचा प्रसिद्ध काया टोस्ट शाकाहारी नाही: काया म्हणजे नारळाचं दूध आणि अंडं. टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवलेलं दिसलं तर ती जागा कुणीतरी धरलेली आहे. आणि खाऊन झाल्यावर ट्रे स्वतः नेऊन ठेवायचा, हा तिथे नियम आहे.

मुस्तफा सेंटर शेजारच्या फॅरर पार्क भागात आहे. खरेदीला गेलात की वेळ जातो, आणि घेतलेलं सगळं केबिन बॅगेत बसवावं लागतं हे लक्षात असू द्या. याच फॅरर पार्कच्या मैदानावर १७ फेब्रुवारी १९४२ ला ब्रिटिशांनी हजारो हिंदी सैनिक जपान्यांच्या हवाली केले आणि तिथून पहिल्या आझाद हिंद सेनेची सुरुवात झाली. खरेदीच्या पिशव्या घेऊन जाणाऱ्यांपैकी किती जणांना हे ठाऊक असेल!

संध्याकाळचा थांबा असेल तर हा बेत सोडून द्या. विमानतळाहून एक्स्पोला डाउनटाउन लाइन पकडून थेट बेफ्रंटला जा आणि गार्डन्स बाय द बे या बागेत सुपरट्री, म्हणजे झाडांच्या आकाराचे उंच मनोरे, बघा. रोज पावणेआठ आणि पावणेनऊला झाडांवर दिव्यांचा आणि गाण्यांचा खेळ होतो, फुकट. जमिनीवर चटई टाकून उताणं पडून बघतात लोक.

७. परतताना

लिटल इंडियाहून डाउनटाउन लाइनने दोन स्थानकं, बुगिस. तिथे ईस्ट-वेस्ट लाइन, तनाह मेराहला उतरून विमानतळाची गाडी. तनाह मेराहला उतरायचं विसरलात तर गाडी तुम्हाला पासिर रिसला नेऊन सोडेल, तेव्हा शेवटच्या टप्प्यात डुलकी नको.

टर्मिनल १, २ आणि ३ मध्ये सुरक्षा तपासणी सुरुवातीला होत नाही, थेट गेटवर होते. मुंबईची सवय असलेला माणूस इमिग्रेशन झालं की निर्धास्त होऊन दुकानांत रमतो आणि गेटवर रांग बघून हबकतो. बाटलीतलं पाणी त्याआधी संपवा. बोर्डिंगच्या वेळेला नव्हे, गेट उघडायच्या वेळेला तिथे पोचा. काही गेट चालत पंधरा मिनिटांवर असतात.

वेळ उरला तर ज्युएल. हे २०१९ मध्ये उघडलेलं काचेचं घुमटासारखं संकुल इमिग्रेशनच्या बाहेर आहे, म्हणून आत शिरण्याआधीच बघायचं. मधोमध ४० मीटर उंचीचा धबधबा, छताखालचा जगातला सर्वांत उंच. भल्या सकाळी गेलात तर पाणी बंद असतं.

८. बाहेर पडता येत नसेल तर

व्हिसा नाही, किंवा गुडघे नको म्हणतायत. हरकत नाही. टर्मिनल ३ मध्ये फुलपाखरांची बाग आहे, २ मध्ये सूर्यफुलांची, १ मध्ये निवडुंगांची. टर्मिनल ३ मध्ये फुकट चित्रपटगृह आहे. पाय चेपायची यंत्रं, आडवं व्हायला लांब खुर्च्या ठेवलेले शांत कोपरे, यांना पैसे पडत नाहीत. पैसे मोजून शॉवर मिळतो, तासांवर ट्रान्झिट हॉटेलही मिळतं. पाच-सहा तासांची खोली घेतलेली माणसं मेलबर्नला ताजीतवानी उतरतात. आगाऊ बुकिंग करा आणि खोली ट्रान्झिटच्या आतलीच आहे ना हे नक्की करा, कारण ज्युएलमधलं हॉटेल इमिग्रेशनच्या बाहेर पडतं.

आणि ज्युएलचा धबधबा हुकला म्हणून हळहळू नका. टर्मिनल २ आणि ३ मधली स्कायट्रेन ज्युएलच्या पोटातून जाते. खिडकीशी उभे राहा, काही सेकंद का होईना, तो समोरून दिसतो. एक फेरी अपुरी वाटली तर परत जा, भाडं नाही.

व्हीलचेअर मागवली असेल तर कर्मचारी तुम्हाला गेटजवळ किंवा ठरलेल्या जागी बसवून जातात. मधे हिंडायचं असेल तर तिथेच सांगा आणि परत कुठे, किती वाजता यायचं हे लिहून घ्या.

९. रस्ता दुसरा असेल तर

हिशेब हाच, नियम वेगळे. इस्तंबूलला टर्किश एअरलाइन्स लांब थांब्यात फुकट शहरफेरी देते, पण तुर्कस्तानात शिरायला भारतीयांना व्हिसा लागतो. दुबईत एमिरेट्सच्या काही तिकिटांवर हॉटेल आणि जेवण मिळतं. ते आपोआप मिळत नाही, तिकीट काढतानाच विचारावं आणि आधी नोंदवावं लागतं. लंडनला विमानतळाच्या आत नुसतं विमान बदलायलाही भारतीय पासपोर्टला ट्रान्झिट व्हिसा लागू शकतो. आणि अमेरिकेत बाहेर न पडता ट्रान्झिट हा प्रकारच नाही. मेक्सिकोला जाताना ह्यूस्टनला दोन तास थांबलात तरी अमेरिकेचा व्हिसा हवाच.

ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडवाल्यांसाठी शेवटची सूचना. टेक्का बाजारातले आंबे, रंबुतान, केळी कितीही मोहात पाडोत, उतरायच्या आधी विमानातच संपवा. तिथे ताजी फळं चालत नाहीत. बॅगेतले लाडू, लोणचं, मसाले, जे काही खाण्याचं असेल ते विमानात मिळणाऱ्या फॉर्मवर ‘हो’ म्हणून लिहा. लिहिलेलं असलं की फार तर एखादा डबा काढून घेतील. लपवलेलं सापडलं तर दंड भरावा लागतो.